कांताबाई दिसली तं चुकलं

आर्णी, ८ जुलै २००९

दादा, जयभीम.

तू बरा असशीनच. बरा नसता तं मावशीले फोन आला असता, अन् मावशीनं साऱ्या वार्डाले सांगतलं असतं का माह्या धम्मरत्नले पुण्यात सर्दी झाली.

तू म्हणशीन, मैत्रेयी दिवसभर कॉम्प्युटरवर बसते अन् पोस्टानं पत्र कायले लिहिते? फोनवर माही बोलती बंद होते, हे तुले माहीत आहे. अन् मेल लिहाव तं वामनराव काका मांगं उभे राहून वाचते. मनात नाही, मोठ्यानं. साऱ्या गिऱ्हाइकाईले आयकू जाते. पाकीट कसं, चिकटवलं का झालं.

काकाच्या सायबर कॅफेत मले दीड वर्ष झालं. बसस्टँडसमोर झेरॉक्सचं दुकान अन् त्याच्या मांगच्या खोलीत सहा कॉम्प्युटर. तुले वाटते हे नववी सोडेल पोट्टी तिथी झाडू मारत असन. झाडूबी मारते. पण साइट उघडून देणं माह्याकडेच आहे. कसं करते, सांगू? गिऱ्हाइक येते अन् साइटचं नाव तोंडी सांगते. त्यातही कोणाच्या तोंडात खर्रा, कोणाले अर्धंच याद. मले इंग्रजीचे अक्षर सारे ओळखू येते, पण कोणत्या शब्दात कोणतं लागते ते नाही समजत. मंग मी एक लिहून पाह्यते. चुकलं का पांढरं पान येते. त्याच्यावर इंग्रजीत बारीक बारीक लिहेल असते, ते मी कधी वाचलं नाही. पांढरं म्हणजे चुकलं, बस. मंग एक अक्षर बदलवते. पुन्हा पांढरं. पुन्हा बदलवते. पांढरं पान आलं नाही का समजाव, पत्ता लागला. चार-पाच खेपात कोणतीही साइट उघडते.

शाळेत इंग्रजीच्या सरानं एकच शब्द पाच खेप वाचाले लावला होता, उभं करून. साऱ्या वर्गाले हसू देलं. सहाव्या खेपीले मी दप्तर उचललं अन् घरी आली, ते आलीच. कॉम्प्युटरनं आजलोक मले बाकावर उभं नाही केलं.

आता खुशीची गोष्ट. पंधरा दिवस झाले, पांढरं पान एकदाही आलं नाही! जे लिहिते ते पयल्याच खेपीत लागते. काका म्हणे, "पोट्टी तयार झाली बावा." मले आंदरून लय बरं वाटलं, मी टेबल पुसत राह्यली.

अन् आता जे रंगीत पान येते ना, जिथी पाह्यजे त्या नावावर दाबलं का फारम उघडते, त्याच्यावर कोण आहे सांग? आपली कांता मावशी! तुही माय! हातात कापसाचं बोंड, डोक्यावर पदर, दात दाखवून हसून राह्यली. खाली मराठीत लिहेल आहे, "चला, आम्ही पोचवतो!" कोपऱ्यात तुह्या सुगम कंपनीचं नाव. इंटरनेटची लाइन तुमचीच आहे, तं नाव असनच. मावशीले बोलावून दाखवलं तं ते म्हणे, पोलिओच्या वक्ती मोठे साहेब फोटो काढत होते, त्यातलाच असन. अर्धा वार्ड पाहून गेला.

आपल्याकडल्या तांड्यातली नलू राठोड दहावीत अठ्ठ्याहत्तर टक्के घेऊन पास झाली. तिचा पॉलिटेक्निकचा फारम मीच भरला, एका खेपीत. तिचा बाप पूनमसिंग मांगं उभा होता. त्याले वाचता नाही येत, पण मावशीचा फोटो पाहून तो म्हणे, "कांताबाई आहे तं सरकारचंच होय." बरोबरच आहे. बावीस वर्षं झाले, मावशी अंगणवाडीची मदतनीस म्हणून तांड्यावर डोस पाजाले जाते. पूनमसिंगनं सांगतलं आहे, होस्टेल भेटलं तं पोट्टी शिकन, नाही तं दसऱ्यानंतर आमच्यासंग ऊसतोडीले, अन् उन्हाळ्यात लगन.  फारम गेल्यावर नलूनं माहा हात असा दाबला का बोटं दुखले.

तुही,
मैत्रेयी

*

पुणे, १६ जुलै २००९

चि. मैत्रेयी, जयभीम.

तुझे पत्र मिळाले. पोस्टमन आमच्या सोसायटीत पाकीट घेऊन आला तेव्हा वॉचमनला वाटले, कोर्टाची नोटीस आली. एकविसाव्या शतकात असे पत्र फक्त आर्णीहूनच येऊ शकते.

तुझी प्रगती वाचून गंमत वाटली. मात्र एक गैरसमज दूर करतो. तुझी बोटे अचानक हुशार झालेली नाहीत. ही आमच्या कंपनीची नवी सुविधा आहे. पूर्वी नसलेला पत्ता टाइप केला की ते रिकामे पांढरे पान यायचे. ग्राहक बिचारा गोंधळायचा. आता चुकीचा पत्ता लिहिला की तो आपोआप आमच्या मदतीच्या पानावर येतो. त्याने जे शब्द लिहिले असतील त्यांच्याशी जुळणाऱ्या जाहिराती तिथे दिसतात. कोणी "शाळा" लिहायला चुकला तर शाळांच्या, कोणी "बियाणे" लिहायला चुकला तर बियाण्यांच्या. सगळ्यांचा फायदा. खरे सांगायचे तर ही सुविधा तुझ्यासारख्या लोकांसाठीच आहे. गावाकडे लोक बोटांनी नाही, कोपरांनी टाइप करतात.

या कामाबद्दल आमच्या टीमला कंपनीत बक्षीस मिळाले. सर्वांसमोर माझे नाव घेतले. हे आईला सांग. बाकी तांत्रिक भाग सांगू नकोस, तिला कळणार नाही.

बंगळूरचे काही रिकामटेकडे इंजिनिअर आणि एक-दोन इंग्रजी पेपर आरडाओरड करत आहेत की कंपनी लोकांच्या चुकांवर धंदा करते. आमचे साहेब म्हणतात, हत्ती चालला की कुत्री भुंकतात.

कॉम्प्युटरचा एखादा कोर्स कर. सर्टिफिकेट असले की चारचौघांत बोलता येते.

तुझा,
धम्मरत्न

*

आर्णी, २२ जुलै २००९

दादा, जयभीम.

तुहं पत्र वाचलं अन् माह्या कानातून वाफ निघाली.

पयले मी परीक्षा घेतली. तुह्या सुविधेची. तू म्हणतलं ना गावाकडचे लोकं कोपरानं लिहिते? मी खरंच कोपर ठेवला बटनावर. मावशी आली. "चला, आम्ही पोचवतो!" मंग काकाचा चष्म्याचा डबा ठेवला. मावशी आली. डब्यालेही पोचवते तुही कंपनी. मंग मी बसल्या बसल्या बटनावर सारे बोटं फिरवले, जसं मांडा करताना पीठ पसरवते. मावशी हजर, अन् बाजूले तीन बियाण्याच्या अन् दोन गोरं व्हाच्या क्रीमच्या जाहिराती. कोठी पोचवते रे तुम्ही? कोणाले पोचवते?

आपला पोस्टमन आठवी पास आहे. पत्ता चुकला तं तो पाकिटावर शिक्का मारते अन् परत आणून देते. तो चुकलेलं पत्र आपल्या साळ्याच्या दुकानात नेऊन टाकत नाही, अन् वरतून "मी मदत केली" म्हणून बक्षीस नाही घेत. तू इंजिनिअर होय.

आता खरं आयक, हसणं झालं. मी डोकं उलटं लावलं. आता मावशी दिसली तं चूक, मावशी नाही दिसली तं बरोबर. नलूच्या हेडमास्तरनं साइटचं नाव मराठीत चिठ्ठीवर लिहून देलतं. ते घेऊन बसली. सातव्या खेपीले मावशी गेली अन् पॉलिटेक्निकची खरी साइट उघडली. तिथी लाल अक्षरात लिहेल होतं, फारम भराची मुदत १४ जुलैले संपली.

मी नलूचं नाव, मार्क, जात, पूनमसिंगचा मोबाइल नंबर, हे सारं कोठी भरलं होतं माहीत आहे? तुह्या पानावरच्या एका जाहिरातीत. "डिप्लोमा प्रवेश सुरू, नाव नोंदवा." दाबल्यावर आलं, "धन्यवाद, आमचे प्रतिनिधी संपर्क करतील." मी त्याचं प्रिंट काढून नलूले देलं, अन् तिनं ते प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेवलं. आता पूनमसिंगले रोज एक पोरगी फोन करते. "सर, तुमच्या मुलीची सीट आमच्या कॉलेजमध्ये पक्की आहे, कधी येता?" कॉलेज कोठी आहे तं कर्नाटकात. पूनमसिंगले जिंदगीत पयल्यांदा कोणी सर म्हणून राह्यलं. तो फोन दोन्ही हातानं धरते.

मी तांड्यावर गेली. सांगतलं का माह्या हातून चुकलं. तो ओरडला असता तं बरं झालं असतं. तो म्हणे, "बेटी, तुही काय चूक? पानावर कांताबाई होती ना." नलू चुलीपाशी बसेल होती. तिनं मान नाही वर केली. तिची माय, तिच्या भाषेत याडी, कोयत्याचा दांडा काढून पाहून राह्यलती, घट्ट आहे का ढिला.

आता उपाय. यवतमाळले ११ ऑगस्टले पॉलिटेक्निकचे साहेब तक्रारी आयकणार आहे. ज्याचा फारम त्याच्या चुकीनं राह्यला नाही, त्यानं पुरावा आणाव, शेवटच्या फेरीत घेऊ, असं साइटवर लिहेल आहे. मले तुह्या कंपनीचा एक कागद पाह्यजे. शिक्क्याचा. त्याच्यावर एवढंच लिही का हे पान आमचं होय, सरकारचं नाही, अन् चुकलेला पत्ता आम्हीच इकडे वळवला. दोन ओळीचं काम आहे.

अन् आखरीचं. मी येवढं लिहिलं होतं का पानावर मावशीचा फोटो आहे. तुही माय आहे ते. तुह्या पत्रात त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. काहून?

मैत्रेयी

*

पुणे, २७ जुलै २००९

मैत्रेयी,

जरा शांत हो. तू टोमणे छान मारतेस, पण व्यवहार टोमण्यांवर चालत नाही.

१) पानाच्या तळाशी स्पष्ट लिहिले आहे की या जाहिराती आहेत. वाचायची जबाबदारी वापरणाऱ्याची असते.
२) ज्यांना सुविधा नको त्यांच्यासाठी तिथेच एक लिंक दिली आहे. ती दाबली की आमचे पान येणे बंद होते. म्हणजे आम्ही कोणावर जबरदस्ती केलेली नाही.
३) कंपनीच्या लेटरहेडवर असे काही लिहून देणे शक्य नाही. सध्या वर्तमानपत्रे असाच कागद शोधत आहेत. तो माझ्या सहीने निघाला तर दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची दुसऱ्याची होईल. एका मुलीच्या एका फॉर्मसाठी हे करावे असे तुला वाटते का? नलूला म्हणावे, पुढच्या वर्षी भर.

फोटोचे सांगतो, कारण तू सोडणार नाहीस. दिवाळीला आलो तेव्हा वामनरावांच्या वावरात मीच मोबाइलवर सहज काढला होता, तिच्या लक्षातही नसेल. आमच्या टीमला गावाकडचा विश्वासू चेहरा हवा होता. बाजारात विकत मिळणारे फोटो खोटे वाटतात. मी आईचा दाखवला, सगळ्यांना आवडला. साहेब म्हणाले, "या बाईवर कोणीही विश्वास ठेवेल." वाईट काय आहे त्यात? लोक आईचा फोटो देवघरात लावतात, मी महाराष्ट्रभर लावला. तिला सवडीने मीच सांगेन. तू सांगू नकोस.

नलूसाठी वेगळे पार्सल पाठवले आहे. कंपनीची टोपी आणि टी-शर्ट. तिला आवडेल.

धम्मरत्न

*

आर्णी, ५ ऑगस्ट २००९

दादा,

टोपी अन् टी-शर्ट पोचले. नलूनं हात नाही लावला. काकानं टी-शर्ट वावरातल्या बुजगावण्याले घातला, टोपीही. आता रानडुकरं येत नाही. सुगमची सुविधा पयल्यांदा कोणाच्या कामी आली.

तुही लिंक दाबली मी. पानाच्या पार बुडाशी, भिंग लावून दिसन अशी. दाबली तं एक इंग्रजीचं पान उघडलं, साडेतीन हात लांब. त्याच्या बुडाशी पुन्हा एक बटन. तेही दाबलं. मावशी गेली. सकाळी दुकान उघडलं तं मावशी परत हजर! कारण काका रोज दुकान बंद करताना साऱ्या कॉम्प्युटरचं आंदरलं साफ करते, म्हणजे एकाचं दुसऱ्यानं पाहू नाही. तुहं "नको" म्हणणंही त्याच्यासंगच पुसलं जाते. म्हणजे सहा कॉम्प्युटरवर रोज सकाळी सहा खेप तुह्या कंपनीले हात जोडून म्हणाव, बाप्पा आज नको येऊ. अन् येवढं करून म्हणते जबरदस्ती नाही!

मंग मी दुसरा इलाज केला. पुठ्ठे कापले अन् निळ्या पेनानं मोठ्या अक्षरात लिहून सहाही कॉम्प्युटरवर लावले:

"कांताबाई दिसली तं चुकलं. पत्ता पुन्हा लिहा."

दोन दिवसांत साऱ्या गावाले समजलं. गिऱ्हाइक आता स्वतःच वरडते, "ओ मैत्रेयी, कांताबाई आली!" मी उठते, अक्षर बदलवते. बसस्टँडपलीकडच्या कॅफेवाल्यानं माहा पुठ्ठा मांगून नेला अन् त्याची झेरॉक्स लावली. दिग्रसवरूनही एक जण येऊन घेऊन गेला.

तू म्हणतलं मावशीले सांगू नको. मी नाही सांगतलं. पण मावशीले वाचता येते, हे तू विसरला. काल अंगणवाडीचे कागद झेरॉक्स कराले आली अन् पुठ्ठ्यासमोर उभी राह्यली. म्हणे, "मैत्रेयी, माह्या नावानं हे काय लिहिलं वं?"  मी तुहं पत्रच तिच्या हातात देलं. तिनं उभ्या उभ्या सारं वाचलं, टोपीच्या ओळीपर्यंत. मंग मले इचारलं, "हे पान किती जागी दिसते?" मी म्हणलं, जिथी जिथी सुगमची लाइन आहे तिथी तिथी. ते स्टुलावर बसली. म्हणे, "म्हणजे मी साऱ्याईले भलत्या वाटेनं धाडून राह्यली? अन् वरतून हसून?"

मी पाणी देलं. ते नाही पेली.

तांड्यावर डोस पाजाले लागली तवा बाया लेकरं घेऊन पळून जात. तुले माहीत नसन, तू तवा लहान होता. दोन वर्षं मावशीनं आधी आपल्या जिभेवर थेंब टाकून दाखवला, तवा कोठी त्याईनं लेकराईचं तोंड उघडलं. तो इस्वास तू एका फोटोत घेऊन गेला अन् साहेबाले दाखवला. साहेबाले आवडला म्हणते.

११ तारखेले अजून सहा दिवस आहे. कागद पाठवाचा असन तं उद्याच टाक. नाही पाठवला तंही आम्ही जाऊन राह्यलो. मावशी म्हणे मी येतो.

मैत्रेयी

*

आर्णी, १३ ऑगस्ट २००९

दादा,

तुहा कागद नाही आला. मी १० तारखेले पोस्टात दोन खेप जाऊन पाह्यलं.

सकाळच्या गाडीनं यवतमाळले गेलो. मी, नलू, पूनमसिंग अन् मावशी. मावशीनं अंगणवाडीची साडी नेसली होती, ड्यूटीची. मी रातीच सारं कागदावर लिहून ठेवलं होतं, म्हणजे बोलाचं काम नाही पडलं पाह्यजे. लाइनीत तीन घंटे. समोर ज्याचा त्याचा बाप भांडून राह्यलता.

आमचा नंबर आला. मी कागद साहेबासमोर सरकवला. साहेबानं पाह्यलाही नाही. म्हणे, "तोंडानं सांगा, इथं शंभर कागद पडलेत." मी तोंड उघडलं अन् काहीच नाही निघालं. शाळेतल्यासारखं झालं. मांगून कोणी तरी हसलं. नलूनं पन्नीतून ते प्रिंट काढून ठेवलं. साहेबानं चष्मा वर केला अन् म्हणे, "ही खाजगी जाहिरात आहे. तुम्ही जाहिरातीत फॉर्म भरला. यात आमचा काय दोष? पुढचे या."

पूनमसिंग उठला. त्याले हे सवयीचंच आहे, पुढचे या म्हणलं का उठाव.

मले काय झालं माहीत नाही. साहेबाच्या बाजूले त्याचा कॉम्प्युटर होता. मी टेबलाच्या बाजूनं गेली अन् त्याच्या बटनावर हात ठेवला. शिपाई धावला. साहेब म्हणे, "अगं ए!" तंवर मी हेडमास्तरच्या चिठ्ठीतलं नाव लिहिलं होतं, तसंच, पयल्या खेपीत लिहिलं होतं तसंच चुकीचं. अन् बटन दाबलं. मले काय माहीत त्याच्याकडे कोणाची लाइन आहे. पण दादा, तुह्या कंपनीनं कोणालेच नाही सोडलं. साहेबाच्या टेबलावर मावशी आली. "चला, आम्ही पोचवतो!"

साहेबानं पान पाह्यलं. मंग समोर पाह्यलं. मावशी समोर उभी होती. तोच पदर, तीच टिकली. फक्त हसत नव्हती.

साहेब म्हणे, "ह्या तुम्ही?"

मावशी म्हणे, "मी. कांताबाई. अंगणवाडी मदतनीस. मी सरकारच्या कामाले बावीस वर्षं झाले तांड्यावर जातो, म्हणून ह्या माणसानं माहं तोंड पाहून फारम भरला. मी पॉलिटेक्निक नोहो. मले कोणी इचारलं नाही."

साहेब म्हणे, "मग फोटो लावला कोणी?"

मले वाटलं मावशी म्हणन, कंपनीनं. पोलिओवाल्याईनं. कोणीही. मी तिच्याकडे पाह्यलं नाही.

मावशी म्हणे, "माह्या पोरानं. धम्मरत्ननं. त्याच कंपनीत आहे. लिहून घ्या, मी सही करतो."

 साहेबानं स्वतः आणखी एक पत्ता चुकवून पाह्यला. मावशी. अजून एक. मावशी. मंग त्यानं शिपायाले दार लावाले सांगतलं, अन् म्हणे, "हे इथं कधीपासून येतंय? काल मी जीआर शोधत होतो, तेव्हाही ह्याच बाई होत्या. मी म्हटलं, असेल एखादी योजना."

पाहा दादा. साहेबालेही वाटलं, योजना असन. आपल्याकडे योजनेवर असंच हसणारं कोणी तरी असते.

त्यानं मावशीचं लिहून घेतलं. मावशीनं सही केली, धीरानं, पूर्ण नाव. नलूचा फारम त्याच्यासमोर मीच भरला. तो म्हणे, शेवटच्या फेरीत ज्या जागा उरतीन त्यातली मेरिटनं देतो, शब्द नाही देत. लिस्ट महिनाअखेरीस.

गाडीत मावशी खिडकीपाशी बसली. पूनमसिंगनं तिच्यासाठी केळं घेतले होते, ते तिच्या मांडीवरच राह्यले. आर्णी आल्यावर म्हणे, "मैत्रेयी, त्याले लिही. माहं तोंड काढ म्हणा तिथून."

लिहिलं.

मैत्रेयी

*

पुणे, २२ ऑगस्ट २००९

मैत्रेयी,

आईने फोन उचलला नाही. चार वेळा केला.

फोटो काढला. साहेबांना सांगितले की मॉडेलने परवानगी मागे घेतली. ते म्हणाले, किती मागते? मी म्हटले, काही नाही मागत. त्यांना ते समजले नाही. यवतमाळहून कोणत्या तरी ऑफिसचे पत्र आले आहे, ते कायदा विभागात फिरते आहे. त्यात आईचे नाव आहे आणि माझेही. अजून मला कोणी काही विचारले नाही. कँटीनमध्ये मात्र माझ्या टेबलावर कोणी बसत नाही.

पान बंद होणार नाही. ते माझ्या हातात नव्हतेच. तुले खरं वाटणार नाही, पण नव्हतं. मले एक गोष्ट करता येत होती, कागद लिहाची, अन् ते मी केली नाही. भेव वाटलं मले. तू तोंड उघडून काही निघालं नाही म्हणतं, पण माहं तोंड चालते, तं मी तरी काय केलं?

खाली आकडे लिहिले आहेत. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये एक जागा असते, तिथे सुगमचा नंबर आहे. तो काढून हा टाक. मग चुकलेला पत्ता सुगमकडे जाणारच नाही. हे मी सांगितले असे कुठे म्हणू नकोस. किंवा म्हण. पयल्याच पत्रात लिहाले पाह्यजे होतं.

दिवाळीले येऊ काय, आईले इचार.

धम्मरत्न

*

आर्णी, ३ सप्टेंबर २००९

दादा, जयभीम.

नलूले जागा भेटली. यवतमाळले नाही, अन् तिले पाह्यजे होतं ते इलेक्ट्रॉनिक्सही नाही. सिव्हिल भेटलं, अमरावतीले. पण होस्टेल आहे. पूनमसिंग तिले सोडून आला. तिथं एका बाईनं त्याले सर म्हणलं तं हा घाबरला अन् म्हणे, "मले कर्नाटकात नाही जाचं." नलूनंच त्याले गेटबाहेर आणून गाडीत बसवलं. ऊसतोडीच्या टोळीत यंदा त्याईच्या खोपीवर दोघंच जातीन.

तुहे आकडे सहाही कॉम्प्युटरवर टाकले. लागले. काकानं इचारलं कोणी शिकवलं, मी म्हणलं एका नोकरदारानं.

पण आकडे टाकाच्या आंधी आठ दिवस तुहं नवं पान चालू होतं, ते सांगते. मावशीच्या जागी आता एक गोरी बाई आली. लिपस्टिकवाली. कापूस असा धरला आहे जसा कोणी दुसऱ्याचं लेकरू धरते. मले वाटलं, आता पुठ्ठे बदलवा लागते, नाही तं लोकं पुन्हा भुलतीन. पण कोणीच नाही भुललं. गिऱ्हाइक ते बाई पाहून म्हणे, "हे कोण होय? जाहिरात दिसते. काढ." एकानंही नाव नाही भरलं, एकानंही नंबर नाही देला. मोठा सर्व्हर म्हणते, मोठी टीम म्हणते, बक्षीस घेते, अन् आर्णीत तुही सारी हुशारी एका अंगणवाडीवालीच्या तोंडावर चालू होती. ते काढलं तं खाली काय निघालं? क्रीमची जाहिरात.

दिवाळीचं मावशीले इचारलं. काल ते झेरॉक्स कराले आलती. "येवो म्हणा, घर त्याचं आहे," येवढं म्हणली. मंग पलीकडच्या कॅफेत घेऊन चाल म्हणे, तिथी अजून जुने आकडे आहे. तिथी जाऊन मले म्हणे, चुकवून दाखव. मी चुकवलं. ते गोरी बाई आली. मावशीनं चष्मा पुसला, स्टूल पुढे ओढलं अन् लय वेळ तिच्याकडे पाहत बसली. कॅफेवाला म्हणे, "कांताबाई, आता तुम्ही नाही दिसत त्याच्यावर."

मावशी म्हणे, "मी नाही पाहून राह्यली मले." मंग माह्याकडे वळून म्हणे, "त्याले लिही वं. हिले तरी इचारलं होतं काय म्हणा?"

मैत्रेयी